गौरवाचे स्थान : मराठी ख्रिस्ती उपासनागीतांच्या रचनेसंबंधी एक विचार

१

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाचा अभ्यास आजवर प्रामुख्याने दोन अंगांनी झालेला आहे : एक भाषेच्या आणि दुसरे काव्याच्या. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' (१६१६) अभ्यासकांनी हाती घेतले ते मुख्यतः सतराव्या शतकाच्या प्रारंभीच्या मराठीचा एक मोलाचा नमुना म्हणून. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांना मानाचे स्थान मिळाले ते 'फुलांमुलांचे कवी' म्हणून, आधुनिक मराठी कवितेच्या पहिल्या पिढीत. या दोन्ही अंगांचे महत्त्व निर्विवाद आहे. परंतु या वाङ्मयाचा फार मोठा भाग ज्या प्रयोजनाने निर्माण झाला, ते प्रयोजन मात्र समीक्षेच्या कक्षेबाहेरच राहिले. ते प्रयोजन म्हणजे उपासना. टिळकांची शेकडो गीते प्रथम छापली गेली ती रसिकांनी एकांतात वाचावीत म्हणून नव्हे. मंडळीने एकत्र बसून देवापुढे गावीत, हा त्यांचा हेतू होता. ज्या गीताचा पहिला श्रोता वाचक नसून देव आहे, त्याची परीक्षा कोणत्या कसोटीवर करावयाची, हा प्रश्न आपल्याकडे पुरेशा गांभीर्याने विचारला गेलेला नाही.

ख्रिस्ती उपासनेचा आद्य दंडक असा सांगितला जातो की, तिच्या केंद्रस्थानी देवाचे गौरव असावे. हा दंडक धर्मशास्त्राचा आहे, वाङ्मयसमीक्षेचा नव्हे, असे म्हणून समीक्षकाला बाजूला राहता येईल काय? मला तसे वाटत नाही. देवाचे गौरव म्हणजे काय, हा प्रश्न धर्मशास्त्राचा खरा. पण एखादी गोष्ट गीताच्या केंद्रस्थानी आहे किंवा नाही, हा प्रश्न रचनेचा आहे. गीतात 'गौरव', 'स्तुती', 'महिमा' हे शब्द किती वेळा आले हे मोजून त्याचे उत्तर मिळत नाही. ते गीताच्या घडणीतच शोधावे लागते. प्रस्तुत लेखात मराठी धार्मिक रचनेतील तीन ठरीव स्थानांच्या आधारे हा शोध घेण्याचा प्रयत्न केला आहे. ती स्थाने म्हणजे प्रारंभीचे नमन, मधले ध्रुवपद आणि अखेरची फलश्रुती.

२

तत्पूर्वी 'गौरव' या शब्दाचाच थोडा विचार करणे अवश्य आहे. आजच्या मराठीत गौरव ही आपण कोणाला तरी अर्पण करावयाची वस्तू झाली आहे. गौरव-समारंभ, गौरवग्रंथ, गौरवचिन्ह हे शब्दप्रयोग पाहावेत. सभा भरते, वक्ते बोलतात, हार घातला जातो, आणि त्या व्यक्तीचा गौरव 'केला' जातो. येथे गौरव पुल्लिंगी आहे आणि ती एक कृती आहे. करणारे आपण असतो. ज्याचा गौरव होतो तो स्वीकारणारा असतो.

पवित्र शास्त्राच्या प्रचलित मराठी भाषांतरात मात्र हा शब्द नपुंसकलिंगी योजलेला आढळतो. तेथे देवाचे गौरव 'दिसते', ते 'प्रगट होते', मनुष्य त्याला उणा पडतो. संस्कृतातील मूळ लिंग येथे राखले गेले, एवढीच ही व्याकरणाची गोष्ट नाही; अर्थाची एक जुनी छटाही तीबरोबर राखली गेली. 'गौरव' हा शब्द 'गुरु' म्हणजे जड, भारी या विशेषणापासून साधलेला आहे. 'लघु'पासून लाघव, 'गुरु'पासून गौरव. म्हणजे गौरव हा मुळात वजनाचा शब्द आहे. जुन्या करारातील हिब्रू शब्द 'काबोद' हाही 'जड असणे' याच धातूपासून आलेला आहे, हा योग लक्षात घेण्यासारखा आहे. जुन्या कराराचे ग्रीक भाषांतर करणाऱ्यांनी त्याकरिता 'डॉक्सा' हा शब्द घेतला. ग्रीकांच्या नित्य व्यवहारात त्याचा अर्थ 'मत' किंवा 'लौकिक' असा होता. हिब्रू शब्दाच्या संगतीने त्याला नवे वजन आले. मराठी भाषांतरकारांच्या हाती आलेला शब्द तर आपल्या व्युत्पत्तीनेच हिब्रूला जवळचा निघाला. प्रसंगपरत्वे त्यांनी तेज, वैभव, महिमा हेही शब्द योजले आहेत. पण 'गौरव' या शब्दात जो भार आहे तो त्यांत नाही.

या भाराचे स्वरूप सांगणारे दोन प्रसंग जुन्या करारात आहेत. शलमोनाने बांधलेल्या मंदिरात कराराचा कोश आणून ठेवल्यावर मेघाने ते भवन असे भरून गेले की याजकांना आपली सेवा करण्यास उभे राहवेना. यशया संदेष्ट्याला मंदिरात देवाचे दर्शन झाले तेव्हा त्याच्या तोंडून प्रथम स्तुती निघाली नाही. आपल्या ओठांच्या अशुद्धतेची जाणीव त्याला झाली. दोन्ही प्रसंगांत गौरव हे उपासनेने निर्माण केलेले नाही. ते आधीच तेथे आहे, आणि ते प्रगट होताच मनुष्याची चाललेली उपासना क्षणभर थांबते. तेव्हा उपासनेत आपण देवाला गौरव देतो, या म्हणण्याचा अर्थ आपण त्यात भर घालतो असा नाही. जे जड आहे त्याचे वजन आपण मान्य करतो. तराजूच्या एका पारड्यात ते असता दुसऱ्या पारड्यात आपण काय टाकले आहे, हे त्या क्षणी कळते. चांगल्या उपासनागीताने हेच घडवून आणावयाचे असते.

३

आता पहिल्या स्थानाकडे वळू. मराठी ग्रंथरचनेत आरंभीचे नमन हा केवळ शिष्टाचार नाही. गणेश, शारदा, सद्गुरू, श्रोते या क्रमाने वंदन करून कवी आपल्या ग्रंथाचे अधिष्ठान कोणते ते सांगतो. १५७९ मध्ये गोव्यास आलेल्या स्टीफन्स यांनी मराठी पुराणरचनेचा अभ्यास केला तेव्हा या स्थानाचे सामर्थ्य त्यांनी अचूक हेरले, असे दिसते. सुमारे अकरा हजार ओव्यांच्या आपल्या ग्रंथाचा आरंभ त्यांनी नमनानेच केला आहे. ओवीचा छंद तोच, नमनाचा घाट तोच. परंतु वंद्य कोण हे बदलले. विश्व व्यापून असणारा सर्वसमर्थ पिता, त्याचा एकुलता पुत्र आणि पवित्र आत्मा यांना क्रमाने वंदन होते. मराठीच्या थोरवीचे जे प्रसिद्ध वर्णन अभ्यासकांनी वारंवार उद्धृत केले आहे, ते या नमनानंतर येते. हा क्रम सहसा कोणी लक्षात घेत नाही. मराठीचे ते कौतुक एका परदेशी माणसाचे भाषाप्रेम म्हणून आपण वाचतो. पण ग्रंथात ते पात्राचे कौतुक आहे. त्या पात्रात जे ठेवावयाचे त्याला वंदन आधी होऊन गेलेले असते.

'क्रिस्तपुराण' हे काटेकोर अर्थाने उपासनागीत नव्हे, हे येथे मान्य केले पाहिजे. ते कथनात्मक पुराण आहे. पण त्याच्या उत्पत्तीची जी हकिकत पहिल्याच अवस्वरूत आली आहे, ती या दृष्टीने बोलकी आहे. नवख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणे सुटली. त्यांच्या जागी आपल्या भाषेत ऐकावयास काही हवे, अशी मागणी एक ब्राह्मण ख्रिस्ती करतो, आणि पाद्रीगुरू पुराण सांगू लागतात. लोक एकत्र जमून ऐकतील व गातील, हे गृहीत धरूनच हा ग्रंथ रचला गेला आणि गोवा व मंगळूर येथील ख्रिस्ती समाजात तो तसा गायिलाही गेला. मूळ रोमन लिपीत छापलेल्या पहिल्या तीन आवृत्त्यांपैकी एकही प्रत आज उपलब्ध नाही. तरीही हस्तलिखितांच्या रूपाने हे पुराण टिकले आणि १९०७ मध्ये मंगळूरला ते पुन्हा छापले गेले. एखादे पुस्तक छापखान्याच्या आधाराशिवाय टिकते ते लोकांच्या वापरामुळेच.

नमनाचे कार्य असे की, पुढे जे काही यावयाचे त्याचा मोहरा ते ठरवून देते. अनेक आधुनिक उपासनागीतांत हे स्थान रिकामे असते. गीताचा आरंभच गाणाऱ्याच्या अवस्थेपासून होतो : मी थकलो आहे, मी शोधीत आहे, माझे मन व्याकुळ आहे. अशा आरंभात मुळीच दोष आहे असे नव्हे. स्तोत्रसंहितेतील कितीतरी स्तोत्रे आक्रोशाने सुरू होतात. परंतु तो आक्रोश पहिल्याच श्वासात कोणाला तरी उद्देशून केलेला असतो. संबोधन हेच त्या स्तोत्रांचे नमन आहे. कोणाला उद्देशून बोलतो आहोत याचा पत्ता नसलेले मनोगत हे भावगीत होईल. ते उपासनागीत होण्यास आणखी काहीतरी लागते.

४

दुसरे स्थान ध्रुवपदाचे. ध्रुव म्हणजे अचल. पदाची कडवी बदलत जातात, ध्रुवपद प्रत्येक कडव्यानंतर परत येते. अभंग गाताना तर साधारणतः दुसरा चरण ध्रुवपद म्हणून घोळविला जातो. एकजण पुढे म्हणतो आणि बाकीचे टाळकरी त्याच्यामागून उचलतात. म्हणजे समुदायाच्या मुखी सर्वाधिक वेळा येणारा भाग तो हाच. गीत विसरले तरी ध्रुवपद आठवते. यावरून एक साधा नियम निघतो : ध्रुवपदात जो बसला तो गीताच्या केंद्रस्थानी बसला, मग कडव्यांतून कवीने काहीही सांगितलेले असो.

या नियमाचे महत्त्व कळण्यासाठी मराठी ख्रिस्ती गायनाचा इतिहास थोडा पाहावा लागेल. १८१३ मध्ये अमेरिकन मिशनरी मुंबईस आले. १८३१ मध्ये त्यांचे कार्य अहमदनगरास सुरू झाले. प्रारंभीच्या मंडळ्यांत इंग्रजी गीतांची भाषांतरे पाश्चात्त्य चालींवर म्हटली जात. त्या चालींना आठ-सहा, आठ-सहा अशा अक्षरसंख्येच्या ओळी लागतात आणि त्यांत आघाताची जागा ठरलेली असते. मराठीत शब्दावरील आघात दुर्बळ आहे. येथे मान आहे तो ऱ्हस्वदीर्घाला. परिणामी ऱ्हस्व अक्षरावर सूर लांबवावा लागे, दीर्घ अक्षर चेपले जाई, आणि शब्द मध्येच तुटे. ही नुसती सौंदर्याची हानी नव्हती. शब्द अडखळला की गाणाऱ्याचे लक्ष शब्दाकडे जाते. ज्याच्याविषयी तो शब्द आहे त्याच्याकडे जात नाही. या दृष्टीने गीताचा निर्दोष छंद ही अलंकाराची बाब न राहता उपासनेची बाब ठरते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती कीर्तन रूढ केले, आणि टिळकांनी अभंग, पद, भजन या रूपांना उपासनेत कायमचे घर मिळवून दिले. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले टिळक आपण ख्रिस्ताच्या चरणांशी पोहोचलो ते तुकारामाच्या सेतूवरून, असे सांगत. हा सेतू केवळ विचारांचा नव्हता; तो छंदाचा आणि ध्रुवपदाचाही होता. आजही महाराष्ट्रातील प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या हाती असलेल्या 'उपासना संगीत' या संग्रहात टिळकांच्या गीतांचा वाटा मोठा आहे.

टिळकांवर येणारा एक आक्षेप येथे विचारात घेतला पाहिजे. त्यांची भक्ती फार जिव्हाळ्याची आहे, तीत 'मी' आणि 'तू' यांची जवळीक इतकी आहे की देवाचा थोरपणा तीत विरून जातो, असे कोणी म्हणू शकेल. ख्रिस्ताला माता आणि गुरू या दोन्ही नात्यांनी एकदमच हाक मारणारे त्यांचे एक गीत इंग्रजी भाषांतरातूनही प्रसिद्ध झाले. राजाधिराज देवाच्या उपासनेत आईचे काय काम, असा या आक्षेपाचा गाभा आहे.

याचे उत्तर दोन प्रकारे देता येते. पहिले उत्तर नव्या कराराचे. योहानाच्या शुभवर्तमानात ख्रिस्ताचे गौरव प्रगट होण्याची वेळ म्हणून जी सांगितली आहे ती क्रूसाची वेळ आहे. सर्वांत अवमानित अवस्थेत गौरव प्रगट होते, असा त्या ग्रंथाचा साहसी सिद्धांत आहे. ज्या गौरवाने एवढे खाली येणे पत्करले, त्याला आई म्हणण्याने उणेपणा येत नाही. दुसरे उत्तर रचनेचे. माता-बालक या रूपकात कर्ता कोण असतो ते पाहावे. आई उचलते, आई पाजते, आई शोधीत येते; बालक रडते एवढेच. सगळ्या क्रियापदांचा भार आईकडे असतो. म्हणून हे रूपक कितीही कोमल असले तरी केंद्र ढळत नाही. केंद्र ढळते ते अन्य प्रकारच्या गीतांत : जेथे गाणारा आपल्याच भक्तीचे वर्णन करीत राहतो, आपल्या अश्रूंकडे पाहून गहिवरतो, 'मी देईन, मी चालेन, मी सोडणार नाही' अशा प्रतिज्ञांची माळ ओवतो. अशा गीतात 'प्रभू' हे संबोधन दर ओळीला आले तरी प्रभू तेथे साक्षीदारापुरता असतो. टिळकांच्याही काही रचना या बाजूस झुकतात. विशेषतः एकांतातील आत्मनिवेदन म्हणून लिहिलेला अभंग जेव्हा मंडळीच्या पुस्तकात जातो, तेव्हा एका माणसाच्या अनुभवाचा 'मी' शंभर जणांनी उच्चारावयाचा असतो, आणि त्यांतील अनेकांच्या मुखी तो खोटा ठरण्याचा संभव असतो.

संत ऑगस्टीनने आपल्या आत्मनिवेदनाच्या दहाव्या भागात अशी कबुली दिली आहे की, जे गायिले जाते त्यापेक्षा गाण्यानेच आपण अधिक हेलावलो तर आपल्या हातून पाप घडले असे आपण समजतो. तरीही संगीत बंद करावे असा निर्णय त्याने दिला नाही. पुढे कॅल्व्हिनच्या जिनीव्हात छंदोबद्ध स्तोत्रे एकसुरात गाण्याची पद्धत पडली. तेथील पूर्ण स्तोत्रावली १५६२ मध्ये प्रसिद्ध झाली. तेथे शंका संगीताच्या मोहाविषयी होती आणि उपाय संयमाचा होता. आपल्या भजनपरंपरेने तिसरा मार्ग दाखविला : मोह होणारच, तर ज्याचा व्हावा त्याचेच नाव ध्रुवपदात ठेवावे.

५

तिसरे स्थान फलश्रुतीचे. आपल्या स्तोत्रवाङ्मयात अखेरीस हे स्तोत्र म्हणणाऱ्यास काय प्राप्त होते ते सांगण्याची पद्धत आहे : विद्या, धन, पुत्र, मोक्ष. मानवी मनाचा स्वभाव पाहता ही पद्धत समजण्यासारखी आहे. पण तिचा तर्क असा की, स्तुती हे साधन आहे आणि फळ हे साध्य. येथपर्यंत आल्यावर ख्रिस्ती उपासनेची रचना काय करते, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

स्तोत्रसंहिता पाच भागांत विभागलेली आहे. पहिल्या चार भागांतील प्रत्येकाच्या शेवटी देवाच्या धन्यतेचे एक वचन आहे, आणि पाचव्याचा शेवट करणारे दीडशेवे स्तोत्र तर आद्यंत स्तुतीच आहे. पुढे ख्रिस्ती मंडळीने स्तोत्रे आपल्या उपासनेत घेतली तेव्हा प्रत्येक स्तोत्राच्या अखेरीस पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांना गौरव अर्पिणारे एक लहानसे वचन जोडण्याचा प्रघात पडला. प्रभूच्या प्रार्थनेचे उदाहरण याहून बोलके आहे. तिच्यात देवाचे नाव, राज्य आणि इच्छा यांविषयीच्या विनंत्या आधी येतात, रोजच्या भाकरीची विनंती त्यांच्यामागून. मात्र राज्य, पराक्रम व गौरव देवाचे आहेत असे सांगणारा तिचा परिचित शेवट मत्तयाच्या सर्वांत प्राचीन हस्तलिखितांत आढळत नाही. तो मंडळीच्या उपासनेतून आला. म्हणजे जेथे 'ही प्रार्थना करणाऱ्यास असे फळ' असे म्हणण्याची जागा होती, तेथे मंडळीने आपणहून गौरव आणून ठेवले. फलश्रुतीच्या जागी गौरववचन, ही ख्रिस्ती उपासनेच्या रचनेतील सर्वांत अर्थपूर्ण घटना आहे, असे मला वाटते.

याच दृष्टीने पाश्चात्त्य उपासनेतील 'ग्लोरिया' हे प्राचीन स्तोत्र पाहावे. देवदूतांच्या गीताने त्याचा आरंभ होतो आणि पुढे उपासक देवाचे आभार मानतो. हे आभार कोणत्या देणगीबद्दल आहेत, असे शोधू गेल्यास देणगीचे नावच सापडत नाही. देवाचे गौरव थोर आहे, याबद्दलच ते आभार आहेत. दुसऱ्याच्या थोरपणाबद्दल त्याचेच आभार मानणे ही व्यवहारात न बसणारी गोष्ट आहे; ती फक्त प्रेमात बसते. योहान सेबास्टियन बाख आपल्या कित्येक हस्तलिखितांच्या आरंभी 'येशू, साहाय्य कर' या अर्थाची आद्याक्षरे लिही आणि अखेरीस 'केवळ देवाला गौरव' या अर्थाची. मराठी वाचकाला हे एका दृष्टिक्षेपात ओळखता येईल : वर नमन, खाली मुद्रा. फक्त मुद्रेच्या जागी कवीने आपले नाव घातलेले नाही.

येथे कोणी असा निष्कर्ष काढू नये की, फळाची अपेक्षा ती आपल्या परंपरेची आणि निरपेक्ष गौरव ते ख्रिस्ती परंपरेचे. असे म्हणणे अज्ञानाचे होईल. ज्ञानदेवांनी आपल्या ग्रंथाच्या अखेरीस जे पसायदान मागितले ते स्वतःसाठी नव्हे, अवघ्या प्राणिमात्रासाठी. आणि तुकोबांच्या एका सुपरिचित अभंगात मुक्ती व संपत्ती दोन्ही नाकारून देवाचा विसर न पडावा एवढेच मागणे आहे. वारकरी कवींनी फलश्रुतीचे हे शुद्धीकरण आधीच करून ठेवले होते. टिळक ज्या सेतूवरून आले त्याची बळकटी यातच आहे. उलट ख्रिस्ती समाजातही 'स्तुती केली म्हणजे आशीर्वाद मिळतो, आरोग्य मिळते, भरभराट होते' असे सांगणारी शिकवण आज मोठ्या आवाजात ऐकू येते. तिला नवे नाव काहीही असो, ती फलश्रुतीच आहे, आणि तीही शुद्धीकरणापूर्वीची.

६

एक गंभीर शंका अद्याप उरते. देवाचे गौरव केंद्रस्थानी ठेवण्याच्या या आग्रहात मनुष्य कोठे जातो? उपासक आपली दुःखे दाराबाहेर ठेवून आत यावा काय? ही शंका अनाठायी नाही. गौरवाच्या नावाखाली माणसाकडे पाठ फिरविण्याचा प्रकार इतिहासात झालेला आहे. पण त्याविरुद्धचा सर्वांत कठोर शब्दही पवित्र शास्त्रातच आहे. आमोस संदेष्टा देवाच्या वतीने लोकांची गाणी व उत्सव धिक्कारतो, कारण न्याय तेथे वाहत नाही. करिंथ येथील मंडळीला पौल बजावतो की, ज्या भोजनात एकजण तृप्त होतो आणि दुसरा उपाशी राहतो ते प्रभूचे भोजन उरतच नाही. या दोन्ही ठिकाणी दोष गाण्यात नाही. केंद्रात देव असल्याचा दावा आहे आणि प्रत्यक्षात तेथे बलवंतांचा मान बसलेला आहे, असा तो दोष आहे.

अहमदनगर परिसराच्या इतिहासात या गोष्टीला विशेष अर्थ आहे. तेथील मंडळ्यांत येणारे बहुसंख्य लोक महार व मांग समाजांतील होते. ज्यांना गावच्या देवळाची पायरी चढण्याची मुभा नव्हती, ते येथे टाळ घेऊन उपासनेच्या मध्यभागी बसले. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'त त्यांचा सोवळ्याओवळ्याचा अभिमान कसा गळून पडला याची जी हकिकत आहे, ती १९०० मधील त्यांच्या बाप्तिस्म्यापूर्वीची. त्या हकिकतीत आणि ध्रुवपदाच्या नियमात मला एकच सूत्र दिसते. केंद्रातील जागा खरोखरच देवाने व्यापली असेल तर ती दुसऱ्या कोणाला मिळत नाही. आणि ती कोणालाच मिळत नाही म्हणून परिघावर सर्वजण सारख्याच अंतरावर येतात. ज्या मंडळीत जातीचा, पैशाचा किंवा पदाचा मान पहिल्या रांगेत जाऊन बसतो, तेथील गीते शास्त्रशुद्ध असली तरी केंद्र ढळलेलेच असते. म्हणूनच दहाव्या पायस यांनी १९०३ मध्ये चर्चसंगीतासंबंधी काढलेल्या लेखात आणि १९६३ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयी केलेल्या घोषणेत देवाचे गौरव व भाविकांचे पवित्रीकरण ही दोन्ही प्रयोजने एकत्र सांगितलेली आहेत. ती दोन केंद्रे नव्हेत. दिवा एक असतो. त्याचा प्रकाश आणि त्या प्रकाशात दिसणारे चेहरे हे वेगळे करता येत नाहीत.

या परिषदेनंतर वसईच्या मराठीभाषक कॅथलिक समाजात मिस्सा लॅटिनमधून मराठीत आली. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत हार्मोनियम-तबल्याशेजारी गिटार, कीबोर्ड आणि ड्रम आले. पुस्तकाची जागा पडद्यावरील अक्षरांनी घेतली. या बदलांवर टीका करणे सोपे आहे आणि बहुधा निष्फळही. पेटीला एकेकाळी परकी म्हणणारे लोक होतेच. वाद्य कोणते, चाल कोठली, हे दुय्यम प्रश्न आहेत. विचारावयाचे प्रश्न हे : गीत कोणाला उद्देशून सुरू होते? पुनःपुन्हा मुखी येणाऱ्या ओळीत कोण बसलेला आहे? आणि गीत संपताना हातात काय उरते, मिळालेल्या फळाची यादी की ज्याच्यापुढे ही यादी विसरली जाते तो? उपासना संपवून बाहेर पडणारा माणूस 'आज गाणे छान झाले' असे म्हणतो तेव्हा गायकाचा गौरव झालेला असतो. 'आज मला बरे वाटले' असे म्हणतो तेव्हा त्याचे स्वतःचे समाधान झालेले असते. या दोन्हींत वाईट काही नाही. परंतु कधीतरी तो काहीच न बोलता, मंदिरातील त्या याजकांप्रमाणे क्षणभर थबकून, आपल्या शेजाऱ्याकडे निराळ्या नजरेने पाहत बाहेर पडतो. त्या दिवशी पारड्यात खरे वजन पडलेले असते.

मराठी ख्रिस्ती उपासनागीतांची समीक्षा करावयाची तर ती या वजनाच्या मापाने करावी लागेल. स्टीफन्स यांच्या नमनापासून टिळकांच्या भजनापर्यंतचा तीन शतकांचा ठेवा आपल्या हाती आहे. भाषेचा नमुना आणि काव्याचा आविष्कार म्हणून त्याचा अभ्यास व्हावाच. पण ज्याच्यापुढे ही गीते गायिली गेली त्याला वगळून केलेला अभ्यास, श्रोता नसलेल्या सभेच्या वृत्तांतासारखा अपुरा राहील.